ट्रक मागे घेताना

संजना विरारहून परत आली तेव्हा मी ओट्यावर बसून केळीच्या पानांचे गठ्ठे बांधत होते. ओटा म्हणजे आमच्या गिरीजच्या वाडीतला, माल चढवायचा दगडी ओटा. तो बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठावर आहे. सासऱ्यांनी तो बैलगाडीच्या उंचीचा बांधला होता. पुढे ट्रक यायला लागले तेव्हा वर दगडांचे आणखी दोन थर चढले. सुनेने चपला काढल्या नाहीत की पाणी मागितलं नाही. समोर उभ्या असलेल्या आमच्या ट्रककडे पाठ करून ती माझ्या शेजारी बसली.

"नापास," ती म्हणाली.

"कशात?"

"कशात म्हणजे काय आई, रिव्हर्समध्येच. पुढे झकास नेली. चढावर थांबवून परत उचलली, तेसुद्धा केलं. मग साहेब म्हणाले, आता मागे घ्या, दोन रेषांच्या मध्ये. तर माझा पाय ब्रेकवरून उठेचना. गाडी बंद पडली, एकदा नाही, दोनदा. मागे सगळी पुरुषांची रांग. त्यातला एक ओरडला, ताई, बिनधास्त या, मेलो तर आम्हीच मरू!"

ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. मी गठ्ठ्याची गाठ उगाचच पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली.

माझ्या मुलाला, जितेंद्रला, श्रावणात झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळायला लागलं. अठरा वर्षं तो वालीवच्या एका कारखान्याचा माल भिवंडीला पोचवत होता. आता खिडकीजवळच्या खाटेवर पडून त्याच खिडकीतून दिवसभर ट्रक बघत असतो. आम्ही ड्रायव्हर ठेवून पाहिले. पहिला आठ दिवसांत गेला. दुसऱ्याने भरलेली गाडी मनोरला रस्त्याच्या कडेला उभी केली, किल्ली टपरीवाल्याकडे दिली आणि गावाला निघून गेला. कारखान्याचे मालक भला माणूस, पण त्यांनीही सांगून टाकलं, नाताळपर्यंत थांबतो, नंतर दुसरी गाडी लावावी लागेल. ट्रक गेला तर आमच्या घरात चूल पेटायला पानांचे हे गठ्ठेच उरणार होते.

संजना चारचाकी चालवायचीच. भाजीची छोटी गाडी घेऊन रोज पहाटे वसईच्या बाजारात जायची. ती म्हणाली, मी शिकते ट्रक. नालासोपाऱ्याच्या क्लासमध्ये महिनाभर गेली. तिथले शिकाऊ पोरगे तिला 'मावशी, फोडणी जळेल, घरी जा' म्हणायचे. ही उलट विचारायची, 'तुझी आई येते का न्यायला?' भीती अशी तिला कशाची नव्हती. फक्त मागे घ्यायची वेळ आली की ती दगड व्हायची.

त्या संध्याकाळी तिने मला कारण सांगितलं.

"आरशात बघते ना, तर मला बाबा दिसतात. ओट्यापाशी वाकलेले. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचा तो लाकडी पाय बघत आले, आई. रात्री काढून भिंतीला टेकवून ठेवायचे तो. तुम्हीच सांगायचात, ट्रक मागे घेताना माणूस दिसत नाही. नाही दिसत, तर मी काय करू? कोणाचा तरी जीव घेऊ?"

ते वाक्य माझंच होतं. त्रेचाळीस वर्षं मी तेच सांगत आले होते.

तिला परीक्षेची दुसरी तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. क्लासवाले म्हणाले, आमच्याकडे एका गाडीवर वीस जण आहेत, मागे घेण्याचा सराव घरी करा, कोणी जाणता माणूस असेल तर. जाणता माणूस गावात एकच होता. बॅप्टिस्ट.

बॅप्टिस्टचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला, क्रुसाच्या पलीकडे आहे. आता तो सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. एके काळी सगळ्या गिरीजचा माल त्याच्या ट्रकमधून जायचा. राजेळी केळी, पडवळ, दुधी, पानवेलीच्या पाट्या. तेव्हा या गल्लीच्या दोन्ही बाजूंना भिंती नव्हत्या, नुसती कुंपणं होती. पहाटे त्याच्या गाडीचा आवाज आला की बाया पाट्या डोक्यावर घेऊन पळत सुटायच्या. 'बॅप्टिस्टभाऊ, थांब रे, माझी पाटी राहिली!' तो थांबायचा. कोणासाठी थांबला नाही असं झालं नाही. माझे यजमान आत्माराम, म्हणजे संजनाचे बाबा, आता हयात नाहीत, पण ते आणि तो, दोघांची दोस्ती अशी की एकाच्या घरचं सुकेळं, उन्हात वाळवलेलं राजेळी केळं, दुसऱ्याच्या घरी आधी जायचं.

एक्क्याऐंशी सालापासून तो स्टेअरिंगवर बसलेला नव्हता.

संजना त्याच्याकडे जाऊन आली. "अंकल नाही म्हणाले," ती म्हणाली. "म्हणाले, माझ्या हातून एका माणसाचा पाय गेलाय, तुझ्याच सासऱ्याचा. मी कोनाला काय शिकवनार? आणि दार लावलं. ॲनिशाभाभी बाहेर येऊन मला सॉरी म्हणाली." ती खाटेजवळ गेली. "अहो, गाडी विकत घ्यायला एक माणूस बघायला येऊ म्हणतोय ना, त्याला होय म्हणू का?"

जितेंद्रने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचा डावा खांदा हलत होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मला तो हुंदका ऐकायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच क्रुसापलीकडे गेले. ॲनिशा, त्याची सून, अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने खुर्ची दिली. बॅप्टिस्ट पायरीवर बसून पाव चहात बुडवत होता.

"वहिनी, तुला पन तेच सांगतो," तो म्हणाला. "मला नको बोलू."

"तुझ्या हातून नाही गेला त्यांचा पाय," मी म्हणाले.

"मग कोनाच्या?"

"माझ्या."

त्याने पाव खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. खरं तर सांगायला फारसं काही नव्हतं, पाच मिनिटांत झालं. त्या दिवशी तो ट्रक ओट्याला लावत होता. मी मागे उभी होते, जितेंद्र वर्षाचा, डाव्या कडेवर. ट्रकवाल्यांची खूण तेव्हाही हीच होती. गाडीच्या पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. मी दोन मारल्या, गाडी मागे येऊ लागली. तेवढ्यात केळीचा एक घड ओट्यावरून घसरून खाली पडला आणि तो उचलायला हे वाकले. मला ते दिसले. स्पष्ट दिसले. मी पत्र्यावर हात मारायला सुरुवात केली आणि मारतच राहिले. पाच, सहा, दहा, किती ते देवाला माहीत. मला वाटत होतं मी थांब म्हणते आहे. आत बसलेल्या माणसाला मात्र ऐकू येत होतं, येऊ दे, येऊ दे, येऊ दे.

"त्या थापा मी ऐकल्या," बॅप्टिस्ट हळूच म्हणाला. "मला वाटायचं माझ्या डोक्यात वाजल्या. सगळे म्हनले, बॅप्टिस्ट पिऊन होता. सनाचा दिवस होता ना. मी म्हनायचो, नाय प्यालो. मग म्हनायचो, प्यालो असेन. मला वाटायला लागलं मी प्यालोच होतो. मेरी गेली तोपर्यंत तिला पन तेच वाटत होतं." मेरी त्याची बायको.

"मी घाबरले होते," मी म्हणाले. "सासू काय म्हणेल, लोक काय म्हणतील, नवऱ्याचा पाय बायकोने..."

"आत्माला ठाऊक होतं?"

"नाही. त्यांनाही नाही सांगितलं."

तो उठला. मला वाटलं आत जाईल आणि दार लावेल. त्याने कठड्याला धरलं आणि वर न बघता तो बोलला.

"माफी मला नको मागू. रविवारी मिस्सा सुटला की चर्चच्या पायरीपाशी ये. ज्यांनी मला दारुडा म्हटलं त्यांना सांग. मग मी येतो."

शनिवारी रात्री मी ते जितेंद्रला आणि संजनाला सांगितलं. घरात आधी सांगायलाच हवं होतं. संजना ताट हातात घेऊन उभीच राहिली. जितेंद्र बराच वेळ ओठ जुळवत होता. शेवटी म्हणाला, "मी... कड्...वर?"

"हो रे. तू कडेवर."

त्याने डावा हात पुढे केला. मी तो धरायला गेले, तर त्याला पाणी हवं होतं.

रविवारी संजना माझ्याबरोबर आली. घंटा झाली, लोक बाहेर पडायला लागले. मी पायरीच्या खाली उभी राहिले. पायरी चढायचं धाडस नव्हतं आणि तो माझा देवही नव्हता. ज्यांनी त्याला दारुडा म्हटलं होतं त्यांतले बहुतेक पलीकडच्या भिंतीआड सिमेत्रीत, त्यांच्या दफनभूमीत, झोपलेले होते. उरलेल्या तीन-चार म्हाताऱ्या हळूहळू उतरत होत्या. मी त्यांना थांबवलं आणि मोठ्याने सांगितलं. माझा आवाज फाटत होता. बाकीची माणसं बाजूने जात होती, कोणी स्कूटर काढत होतं, कोणी फोनवर बोलत होतं. एक तरुण बाई मुलाला घेऊन क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कोण बॅप्टिस्ट?"

एका म्हातारीने कानावरचा पदर मागे सारला. "काय म्हनते गो ती?"

"बॅप्टिस्ट प्यालेला नव्हता म्हनते."

"कवा?"

"एक्क्याऐंशीला."

"मग आता काय त्याचं?" म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत गेली.

बॅप्टिस्ट दारातच उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं होतं त्याचा चेहरा मोकळा होईल. तो आणखीच म्हातारा दिसत होता. ज्या डागासाठी त्याने उभं आयुष्य खाली मान घालून काढलं, तो त्याच्याशिवाय कोणाच्या लक्षातही राहिलेला नव्हता. आणि माझ्या.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आल्यावर संजना म्हणाली, "आई, म्हणजे बाबा दिसले नाहीत असं नव्हतंच. दिसले होते."

"हो."

"तुम्ही उगाच मला अठरा वर्षं..." तिने पुढचं गिळलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दिसले होते. चूक खुणेची झाली."

सोमवारी सकाळी सातला बॅप्टिस्ट आमच्या फाटकात उभा होता. डोक्यावर टोपी, हातात स्वतःच्या पाण्याची बाटली. तो माझ्याशी बोलला नाही. सरळ ट्रकभोवती एक फेरी मारली, चाकांना लाथ मारून बघितली आणि संजनाला म्हणाला, "चढ. इंजिन नको चालू करू. आरसे लाव आधी. नवऱ्याच्या मापाचे हायत ते, तुझ्या नाय."

पहिले दोन दिवस त्याने गाडी हलवूच दिली नाही. मग फाटकापासून ओट्यापर्यंत, पुन्हा फाटकापर्यंत. तो खिडकीखाली चालत राहायचा.

"मानूस नको शोधू आरशात. चाक बघ. मागचं चाक कुठं जातंय तेवढं बघ."

"आणि माणूस आला तर?"

"शंका आली की थांब. उतर, मागं जा, बघ, परत चढ. दहादा उतर. त्यात लाज नाय. लाज न उतरन्यात हाय."

"परीक्षेत उतरू देतील का, अंकल?"

"परीक्षेत मागं कोन नसतं. रेघ असते. रेघ मरत नाय."

दिवस जात होते आणि ती शिकतही होती, पण ओट्यापासून दोन हातांवर आली की पाय तसाच ताठ व्हायचा. गाडी धक्का खाऊन बंद पडायची. परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा बॅप्टिस्टने पहिल्यांदा माझ्याकडे बोट केलं.

"तिला मागं उभी कर. थापा मारू दे."

मी मागे गेले. त्रेचाळीस वर्षांनी त्याच जागी. सगळं तसंच होतं, तळ्याच्या पाण्याचा वास, ओट्याच्या फटीतलं शेवाळ. दोन थापा मी मारल्या. ट्रक मागे येऊ लागला. पांढरा पत्रा माझ्या बाजूने सरकत होता आणि मला कळत होतं की आता एक मारायची, एकच. माझा हात वर झाला आणि तिथेच राहिला. मी ओरडले. इंजिनच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? गाडी ओट्यावर आदळली. वरचा एक दगड निखळून बावखलात पडला.

संजना खाली उतरली ती धावतच. "कोण? कोणाला लागलं?" कोणालाच नाही म्हटल्यावर ती मातीतच बसली. किल्ली तिने ओट्यावर टाकली.

"विका," ती म्हणाली. "बोलवा त्या माणसाला. मला नाही होत, आई. मी माणूस मारीन एक दिवस. नाही होत."

खिडकीतून जितेंद्र काहीतरी ओरडत होता. शब्द कळत नव्हता. त्या वेळी मला खरंच वाटलं की संपलं. मी शेवटपर्यंत लपवलं असतं तरी हेच झालं असतं आणि सांगितलं तरी हेच झालं.

बॅप्टिस्ट माझ्यासमोर आला. "त्या दिवशी तर लय चालला होता तुझा हात," तो म्हणाला. मग त्याने किल्ली उचलली आणि संजनाच्या मांडीवर ठेवली. "चढ."

"अंकल, नाही."

"ऐक. तुला मागं कोनतरी दिसतं ना? आज खरंच असनार हाय. मी उभा राहतो, आत्मा होता तिथं. आता भूत नको शोधू. मी हाय, हे ठाऊक हाय तुला. ती थाप मारेल, तू थांबशील. बस."

"आणि आईंनी नाही मारली तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मारेल," तो म्हणाला. पण त्याला खात्री होती असं नाही. मी त्याचा चेहरा लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते.

तो ओट्याला पाठ लावून उभा राहिला. टोपी काढून छातीशी धरली. मी म्हणाले, "बॅप्टिस्टभाऊ, बाजूला हो." तो हलला नाही. संजना वर चढली. आरशात तिचे डोळे दिसत होते, लाल. इंजिन सुरू झालं.

मी दोन थापा मारल्या.

ट्रक मुंगीच्या पावलाने येत होता. चार हात. तीन. चाकाखाली वाळकी पानं चुरडत होती. मला बॅप्टिस्ट दिसत होता, स्पष्ट दिसत होता. आणि माझा हात मारायला, मारत सुटायला शिवशिवत होता. तेच ते. भीती अशी एकदा मारून थांबत नाही. मी डावा हात कमरेशी घट्ट आवळला, जणू तिथे पोर आहे आणि ते पडता कामा नये. दोन हात.

मी एक थाप मारली. आणि तो तळवा पत्र्यावरच दाबून धरला, पुन्हा उठू नये म्हणून.

ट्रक थांबला. बंद पडला नाही, थांबला. इंजिन नीट चालू होतं.

बॅप्टिस्टने आपल्या छातीपासून ट्रकपर्यंत हाताने अंतर मोजलं. त्याच्या गालांवरून घाम ओघळत होता, तो घामच होता असं मी म्हणेन.

"अजून हातभर जागा होती, वहिनी," तो म्हणाला. "लवकर मारलीस."

त्यानंतर त्या चार दिवसांत संजनाने किती वेळा गाडी ओट्याला लावली ते मी मोजलं नाही. काही वेळा ती मध्येच उतरायची, मागे येऊन बघायची आणि एक शब्द न बोलता परत चढायची. परीक्षेच्या दिवशी ती एकटीच विरारला गेली. बॅप्टिस्ट तोवर आमच्या पायरीवर बसून राहिला. दुपारी फोन आला. मी उचलला, तर पलीकडून नुसता रडण्याचा आवाज. माझा जीव गेला. मग ती म्हणाली, "पास, आई. दोन रेषांच्या बरोब्बर मध्ये. साहेब म्हणाले, कोणी शिकवलं?"

मी फोन बॅप्टिस्टच्या हातात दिला. तो नुसता ऐकत राहिला. मग फोन परत देऊन बाटली उचलून घरी गेला. आमच्याकडे तो पुन्हा येतो, पण पूर्वीसारखा नाही. सुकेळं पाठवलं तर ॲनिशाच्या हाती निरोप येतो, पोचलं. मी अधिक मागत नाही.

नाताळाच्या आठवडाभर आधी संजनाने वालीवहून पहिली खेप भरली. सकाळी साडेआठला निघाली ती संध्याकाळी पाचला परतली. जितेंद्रने खिडकीतूनच आवाज ओळखला. ट्रक फाटकातून आत आला, वळला आणि थांबला. खिडकीतून तिने डोकं बाहेर काढलं. चेहरा काळवंडलेला, केसांत महामार्गाची धूळ.

"आई! मागे कोण आहे?"

मी पानं बाजूला सारली आणि ओट्यावरून उतरले.

"मी आहे," मी म्हणाले आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.